भूतकाळी क्रियापद आणि त्यापुढचं प्रीपोझिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूतकाळ शिकताना तक्ते पाठ होतात: गो-वेन्ट-गॉन, थिंक-थॉट-थॉट. अडतं ते त्यापुढच्या बारक्या शब्दापाशी, म्हणजे प्रीपोझिशनपाशी. ॲट की टू, ऑफ की फ्रॉम, आणि मुळात काही हवं की नको? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. मोठ्याने वाचा, कान बऱ्याचदा व्याकरणाच्या आधी चूक पकडतो.

क्रियापद भूतकाळात गेलं की त्याचं प्रीपोझिशन बदलतं का?

नाही. लुक ॲटचं लुक्ड ॲट होतं, थिंक ऑफचं थॉट ऑफ, डिपेंड ऑनचं डिपेंडेड ऑन. काळाचं सगळं ओझं क्रियापद वाहतं, पुढचा शब्द होता तिथेच राहतो. प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यात भूतकाळ 'डिड'कडे जातो आणि क्रियापद मूळ रूपात येतं, तेव्हाही प्रीपोझिशन हलत नाही: 'डिड यू लुक ॲट इट?', 'ही डिडन्ट लिसन टू मी.'

तरी मराठी माणसाला ही शंका येते ती उगाच नाही. आपल्याकडे काळ बदलला की नामांचीही हलवाहलव होते. 'राम पुस्तक वाचतो' आणि 'रामाने पुस्तक वाचलं' ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. भूतकाळ येताच कर्त्याला 'ने' चिकटला आणि क्रियापद रामाला सोडून पुस्तकाशी जुळलं. लहानपणापासून हे अंगात मुरलेलं असताना इंग्रजीतही काहीतरी बदलत असेल असं वाटणं साहजिक आहे. इंग्रजीत कर्ता जागचा हलत नाही, कर्म हलत नाही आणि प्रीपोझिशनही हलत नाही.

'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' यात चूक काय? सगळेच तर असं बोलतात.

बोलतात खरं. पण प्रमाण इंग्रजीत 'वी डिस्कस्ड द प्लॅन' एवढंच. डिस्कस हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला कर्म थेट लागतं. आपण मनात 'योजनेबद्दल चर्चा केली' असं वाक्य जुळवतो आणि त्या 'बद्दल'ला जागा द्यायची म्हणून 'अबाउट' घुसवतो.

अशी क्रियापदं बरीच आहेत आणि प्रत्येकामागे एखादा मराठी प्रत्यय उभा असतो. 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हर'. हवं ते 'मॅरीड हर'. 'खोलीत शिरला' म्हणून 'एंटर्ड इन द रूम'. हवं ते 'एंटर्ड द रूम'. 'मुद्द्यावर भर दिला' म्हणून 'एम्फसाइज्ड ऑन द पॉइंट'. इथेही 'ऑन' नको. रीच्ड, आन्सर्ड, रिझेम्बल्ड, अप्रोच्ड, कॉन्टॅक्टेड, डिस्क्राइब्ड ही सगळी याच पंगतीतली.

पण खरी गोम पुढे आहे. याच शब्दांची नामं केली की प्रीपोझिशन परत येतं. 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्लॅन' अगदी बरोबर. 'ही रिक्वेस्टेड अ कॉपी', पण 'ही मेड अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी'. 'शी आन्सर्ड द क्वेश्चन', पण 'हर आन्सर टू द क्वेश्चन'. 'दे एम्फसाइज्ड सेफ्टी', पण 'देअर एम्फसिस ऑन सेफ्टी'. माझ्या मते मराठी भाषकांच्या निम्म्या गफलती इथेच होतात: नामाबरोबर ऐकलेलं प्रीपोझिशन आपण क्रियापदालाही डकवतो. शंका आली की आधी विचारा, माझ्या वाक्यात हा शब्द नाम आहे की क्रियापद?

काही वेळा प्रीपोझिशन लावलं तर वाक्य चुकत नाही, पण भलतंच होतं. 'अटेंडेड द मीटिंग' म्हणजे बैठकीला हजर राहिला. 'अटेंडेड टू द पेशंट' म्हणजे रुग्णाकडे लक्ष दिलं, त्याची काळजी घेतली. 'एंटर्ड इंटू ॲन ॲग्रीमेंट' म्हणजे करार केला, आणि तिथे 'इंटू' लागतंच.

आणि उलटी चूक? जिथे हवं तिथे प्रीपोझिशन गाळणं?

तीही होते. 'माझं ऐकलं' वरून 'लिसन्ड मी' होतं. हवं 'लिसन्ड टू मी'. 'त्याची वाट पाहिली' वरून 'वेटेड हिम' होतं. हवं 'वेटेड फॉर हिम'. सगळ्यात जास्त ऐकू येणारं म्हणजे 'ही एक्स्प्लेन्ड मी द रूल'. 'गेव्ह मी', 'शोड मी', 'टोल्ड मी' चालतात, मग 'एक्स्प्लेन्ड मी' का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब आणि से या क्रियापदांना व्यक्ती थेट लागत नाही. 'ही एक्स्प्लेन्ड द रूल टू मी', 'शी सजेस्टेड अ बुक टू मी', 'ही सेड इट टू मी'. टेल आणि से यांच्यातला फरकही इथेच स्पष्ट होतो: 'टोल्ड मी', पण 'सेड टू मी'.

'सर्च्ड'कडे जरा लक्ष द्या. 'सर्च्ड द रूम' म्हणजे खोलीची झडती घेतली. 'सर्च्ड फॉर द की' म्हणजे किल्ली शोधली. 'सर्च्ड द की' म्हटलंत तर किल्लीचीच झडती घेतल्यासारखं होईल.

प्रीपोझिशनमुळे काम पूर्ण झालं की अर्धवट राहिलं हे कळतं का?

कळतं, आणि भूतकाळात तर फारच स्पष्ट कळतं, कारण भूतकाळातलं वाक्य ऐकलं की 'मग पुढे काय झालं?' हा प्रश्न असतोच. 'ही शॉट द टायगर' म्हणजे वाघाला गोळी लागली. 'ही शॉट ॲट द टायगर' म्हणजे वाघाच्या दिशेने गोळी झाडली. लागली की नाही, वाक्य सांगत नाही. एका 'ॲट'ने वाघाला जगण्याची संधी मिळाली. 'किक्ड द डोअर' आणि 'किक्ड ॲट द डोअर' यांतही तोच फरक आहे.

तसंच चालण्याचं. 'शी वॉक्ड टू द स्टेशन' म्हटलं की ती स्टेशनला पोहोचली. 'वॉक्ड टुवर्ड्झ द स्टेशन' म्हटलं तर ती त्या दिशेने निघाली होती. वाटेत परत फिरली असेल तरी वाक्य खरंच राहतं.

'ॲट' आणि 'टू' यांच्या स्वभावातही फरक आहे. 'ही थ्र्यू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला. 'ही थ्र्यू द बॉल ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून मारला. 'शी शाउटेड टू मी' म्हणजे लांबून मोठ्याने हाक मारली, 'शी शाउटेड ॲट मी' म्हणजे माझ्या अंगावर ओरडली. कोणी तुमच्याबद्दल तक्रारीचा ई-मेल लिहिला असेल तर त्यातलं हे एका शब्दाचं अंतर नीट वाचा.

वेळेच्या बाबतीत हे काम 'इन' आणि 'फॉर' करतात. 'आय रेड द बुक इन ॲन अवर' म्हणजे तासात वाचून संपवलं. 'आय रेड द बुक फॉर ॲन अवर' म्हणजे तासभर वाचत बसलो. मराठीत हा फरक 'तासात' आणि 'तासभर' असा आपोआप होतो, त्यामुळे इथे सहसा चूक होत नाही.

'पिक्ड अप इट' चुकीचं का? 'लुक्ड ॲट इट' तर चालतं.

कारण 'पिक्ड अप'मधलं 'अप' हे खरं प्रीपोझिशन नव्हेच. ते क्रियापदाचाच तुकडा आहे. व्याकरणात त्याला पार्टिकल म्हणतात आणि अख्ख्या जोडीला फ्रेजल व्हर्ब. या प्रकारात कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावं लागतं: 'पिक्ड इट अप', 'टर्न्ड इट ऑफ', 'थ्र्यू इट अवे'. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा खुल्या आहेत, 'टर्न्ड ऑफ द लाइट' किंवा 'टर्न्ड द लाइट ऑफ'.

फरक ओळखण्यासाठी इंग्रजी व्याकरणात एक जुनी जोडी वापरतात: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्यात तो टेकडीवर धावत गेला. 'अप अ हिल' हा एक गट आहे, म्हणून 'अप विच हिल डिड ही रन?' असं विचारता येतं. दुसऱ्यात त्याने बिल वाढवून ठेवलं. तिथे 'रॅन अप' हा गट आहे, आणि 'अप विच बिल' म्हटलं तर हसू होईल. बोलताना जोर कुठे येतो तेही ऐका. 'पिक्ड इट अप'मध्ये 'अप'वर जोर येतो, 'लुक्ड ॲट इट'मध्ये 'ॲट' जवळजवळ गिळला जातो.

तीन शब्दांची जोडणी असेल तर सर्वनाम शेवटीच येतं: 'पुट अप विथ इट', 'रॅन आउट ऑफ इट', 'केम अप विथ इट'.

लॉगिनचा भूतकाळ 'लॉगिन्ड' की 'लॉग्ड इन'?

लॉग्ड इन. 'ईडी' कायम क्रियापदाला लागतो, शेवटच्या तुकड्याला कधीच नाही. बॅक्ड अप, साइन्ड अप, चेक्ड आउट. लॉगिन, बॅकअप, चेकआउट असे जोडून लिहिलेले शब्द नामं आहेत. क्रियापद दोन शब्दांत लिहायचं. सेट अप, शट डाउन आणि कट ऑफ यांचा भूतकाळ दिसायला जसाच्या तसा राहतो, कारण सेट, शट, कट यांची तिन्ही रूपं सारखीच. 'सेटअप्ड' हा शब्द ऑफिसच्या ई-मेलमध्ये सर्रास दिसतो. तो इंग्रजीत नाही.

उलट, जिथे असा शब्द क्रियापदाच्या आधी चिकटलेला असतो तिथे मागचं क्रियापद आपल्या नेहमीच्या रीतीने बदलतं: ओव्हरटेक-ओव्हरटुक, विथड्रॉ-विथड्र्यू, अपग्रेड-अपग्रेडेड.

'आय यूज्ड टू' आणि 'आय ॲम यूज्ड टू' यांत काय फरक?

'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो, आता उठत नाही. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. पहिल्यातला 'टू' पुढच्या क्रियापदाचा, म्हणून पुढे मूळ रूप. दुसऱ्यातला 'टू' अस्सल प्रीपोझिशन, म्हणून पुढे नाम किंवा 'इंग' रूप. 'लुक्ड फॉरवर्ड टू'मधला 'टू' या दुसऱ्या जातीचा आहे. त्यामुळे 'आय लुक्ड फॉरवर्ड टू मीटिंग हर' हेच बरोबर, 'टू मीट' नाही.

प्रीपोझिशननंतरचं क्रियापदही भूतकाळात लिहायचं का?

नाही, तिथे 'इंग' येतं, वाक्याचा काळ कोणताही असो. 'ही इन्सिस्टेड ऑन पेइंग', 'शी सक्सीडेड इन ओपनिंग द डोअर', 'दे प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम लीव्हिंग', 'आय अपॉलजाइज्ड फॉर कमिंग लेट'. भूतकाळ इन्सिस्टेड, सक्सीडेडमध्ये एकदा सांगून झाला, पुन्हा सांगायचं कारण नाही.

गोंधळ होतो तो आफ्टर, बिफोर आणि सिन्समुळे. हे शब्द प्रीपोझिशन म्हणूनही येतात आणि पूर्ण वाक्य जोडणारे म्हणूनही. म्हणून 'आफ्टर रीचिंग होम, ही कॉल्ड मी' चालतं आणि 'आफ्टर ही रीच्ड होम, ही कॉल्ड मी' हेही चालतं. चालत नाही ते 'आफ्टर रीच्ड होम'. कर्ता असेल तर भूतकाळ, नसेल तर 'इंग'.

थर्ड फॉर्म विशेषण म्हणून वापरला की कोणतं प्रीपोझिशन लागतं?

दुर्दैवाने प्रत्येकाचं वेगळं, आणि इथे पाठांतराला फारसा पर्याय नाही. इंटरेस्टेड इन, टायर्ड ऑफ, वरीड अबाउट, सॅटिस्फाइड विथ, इन्व्हॉल्व्ह्ड इन, मॅरीड टू. या शेवटच्यात 'विथ' नको. क्रियापद म्हणून 'शी मॅरीड हिम' मध्ये काहीच नाही, विशेषण म्हणून 'शी इज मॅरीड टू हिम' मध्ये मात्र 'टू', हा वर सांगितलेल्या नाम-क्रियापदाच्या लपंडावाचाच भाऊ.

काहींच्या बाबतीत मात्र प्रीपोझिशन निवडणं म्हणजे अर्थ निवडणं. 'मेड ऑफ वुड' म्हणजे लाकडाचं, लाकूड अजून लाकूड म्हणून दिसतंय. 'पेपर इज मेड फ्रॉम वुड', कारण कागदात लाकूड ओळखू येत नाही. 'नोन फॉर' म्हणजे अमुक गोष्टीसाठी प्रसिद्ध, 'नोन ॲज' म्हणजे अमुक नावाने ओळखला जाणारा, 'नोन टू' म्हणजे अमुक लोकांना माहीत असलेला. 'टायर्ड ऑफ वॉकिंग' म्हणजे चालण्याचा कंटाळा आला, 'टायर्ड फ्रॉम वॉकिंग' म्हणजे चालून दमला. दोषारोपाची क्रियापदं तर पक्की हेकेखोर: अक्यूज्ड ऑफ, चार्ज्ड विथ, ब्लेम्ड फॉर. तिघांचा आशय जवळजवळ एक, प्रीपोझिशनं मात्र तीन.

'बोअर्ड ऑफ'बद्दल हमखास वाद होतो. आता ते खूप वापरात आहे, विशेषतः तरुणांच्या तोंडी. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात 'बोअर्ड विथ' लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन' यात दोन प्रीपोझिशनं शेजारी कशी?

विचित्र दिसतं, पण बरोबर आहे. मूळ वाक्य 'एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम'. पॅसिव्हमध्ये 'हिम' उचलून 'ही' म्हणून पुढे नेला, 'ॲट' मात्र क्रियापदापाशी एकटा राहिला. 'बाय' हा हसणाऱ्यांची ओळख करून द्यायला आलेला वेगळा पाहुणा. 'ॲट' गाळून 'लाफ्ड बाय' लिहिणं ही आपली नेहमीची चूक. याच धर्तीवर 'द मॅटर वॉज लुक्ड इंटू' आणि 'द बेड हॅड नॉट बीन स्लेप्ट इन'.

सिन्स, फॉर, अगो, बाय: भूतकाळात कोणतं कुठे?

'आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे पाच वर्षं राहिलो आणि ते संपलं. अजून तिथेच राहत असाल तर 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. 'मी २०१५ पासून इथे राहतोय' याला 'आय लिव्ह्ड हिअर सिन्स २०१५' चालत नाही, तिथेही 'हॅव लिव्ह्ड' लागतं.

'पाच वर्षांपूर्वी' याचं 'बिफोर फाइव्ह इयर्स' करू नका. 'फाइव्ह इयर्स अगो' म्हणा. 'अगो' मराठीच्या 'पूर्वी'सारखा मुदतीच्या मागे येतो, म्हणून आपल्याला तो खरं तर सोपा जायला हवा. गंमत म्हणजे हा शब्द स्वतःच 'सरून जाणे' अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचा थर्ड फॉर्म आहे.

आपल्या 'पर्यंत'मुळे मात्र घोळ होतो. 'ती दहापर्यंत थांबली' इथे 'अन्टिल': 'शी स्टेड अन्टिल टेन'. 'तिने दहापर्यंत काम संपवलं' इथे 'बाय': 'शी फिनिश्ड द वर्क बाय टेन'. क्रिया चालू राहिली तर अन्टिल, मुदतीच्या आत उरकली तर बाय.

'ऑन लास्ट मंडे' बरोबर आहे का?

नाही. लास्ट आला की ऑन, इन, ॲट गळतात: 'ही केम लास्ट मंडे', 'शी लेफ्ट लास्ट इयर'. नुसतं 'ऑन मंडे' ठीक.

'वॉक्ड पास्ट' की 'वॉक्ड पास्ड'?

वॉक्ड पास्ट. बोलताना 'पी-ए-एस-टी' आणि 'पी-ए-एस-एस-ई-डी' यांचा उच्चार एकच, म्हणून लिहिताना चूक होते, आणि ती इंग्रजी मातृभाषा असणारेही करतात. पहिलं प्रीपोझिशन आहे, दुसरं पास या क्रियापदाचा भूतकाळ. वाक्यात आधीच एक भूतकाळी क्रियापद असेल तर पुढे 'एस-टी'वालं येणार: 'शी ड्रोव्ह पास्ट द गेट'. नसेल तर 'डबल एस-ई-डी'वालं: 'शी पास्ड द गेट'. मुळात हे प्रीपोझिशन 'पास'च्याच थर्ड फॉर्ममधून निघालं आहे, त्यामुळे गोंधळ घराण्यातलाच आहे.

बोलताना 'ईडी' ऐकूच येत नाही. का?

'ईडी'चे उच्चार तीन. क, प, स, श, च, फ अशा ध्वनींनंतर 'ट': लुक्ट, हेल्प्ट. ट किंवा ड नंतर 'इड': वेटिड, डिपेंडिड. बाकी सगळीकडे 'ड': कॉल्ड, टर्न्ड. पुढचं प्रीपोझिशन स्वराने सुरू होत असेल तर हा शेवटचा ध्वनी त्याला जाऊन चिकटतो: 'लुक-टॅट', 'पिक-टप', 'टर्न-डॉफ'. आणि पुढे 'टू' असेल तर दोन ट मिळून एकच होतात. 'टॉक्ड टू' आणि 'टॉक टू' कानाला जवळपास सारखेच. म्हणूनच 'आय यूज टू' आणि 'आय ॲम सपोज टू' अशी डी गाळलेली वाक्यं लिहिली जातात. ऐकून लिहिणाऱ्याची ही चूक, डोळ्यांनी वाचणाऱ्याची सहसा होत नाही.

वाक्याचा शेवट प्रीपोझिशनने करू नये म्हणतात. मग 'व्हॉट वेअर यू लुकिंग ॲट?' चुकीचं?

अजिबात नाही. हा आक्षेप कवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांवर घेतला. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या व्याकरणकाराने अशी रचना बोलण्यात रूढ असल्याचं मान्य करून गंभीर लेखनात ती टाळावी असं सुचवलं, आणि पुढे शाळांनी त्याचा नियमच करून टाकला. १९२६ साली इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलरने त्याला अंधश्रद्धा ठरवलं. 'द पर्सन आय स्पोक टू' हे वाक्य आज कोणत्याही चांगल्या वर्तमानपत्रात चालतं. 'द पर्सन टू हूम आय स्पोक' कायदेशीर पत्रात शोभतं, गप्पांमध्ये अवघडल्यासारखं वाटतं.

ब्रिटिश आणि अमेरिकन वापरात फरक पडतो का?

थोडा. ब्रिटिश माणूस 'शी रोट टू मी' म्हणतो, अमेरिकन 'शी रोट मी'ही म्हणतो. ब्रिटनमध्ये 'दे अपील्ड अगेन्स्ट द व्हर्डिक्ट', अमेरिकेत 'दे अपील्ड द व्हर्डिक्ट'. काही वेळा क्रियापदाचं रूपच वेगळं असतं: ब्रिटिश 'डाइव्ह्ड इंटू द वॉटर', अमेरिकन बऱ्याचदा 'डोव्ह इंटू द वॉटर', ब्रिटिश 'हॅड गॉट ओव्हर इट', अमेरिकन 'हॅड गॉटन ओव्हर इट'. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच मजकुरात त्यांची सरमिसळ करू नका.